मेनू कोणाच्या हातात? वर्ड प्रोसेसरमधील मॅक्रोचा इतिहास

प्रास्ताविक

हस्तलिखितांच्या काळात कातिब कागदावर ओळी आखण्यासाठी मिस्तर नावाचे साधन वापरीत. जाड पुठ्ठ्यावर हव्या त्या अंतरावर दोरे ताणून बसवायचे, त्यावर कोरा कागद ठेवून हाताने दाबत न्यायचे, म्हणजे दोऱ्यांच्या खुणा कागदावर उमटत. ओळींमधील अंतर आणि समासाची रुंदी एकदा ठरली की प्रत्येक पानासाठी पुन्हा मोजमाप करावे लागत नसे. वारंवार करावे लागणारे काम एकदाच नीट करून साधनात साठवून ठेवायचे, हा विचार लेखनव्यवसायात फार जुना आहे.

संगणकावरील वर्ड प्रोसेसरमध्ये हेच काम मॅक्रो करतो. अनेक आज्ञांची मालिका एका नावाखाली साठवायची आणि त्या नावाला हाक दिली की ती सगळी मालिका क्रमाने पार पडायची, एवढाच मॅक्रोचा अर्थ आहे. असा मॅक्रो मेनूत बसवला की तो मूळ आज्ञांच्या पंक्तीला जाऊन बसतो. मेनू ही वरवर पाहता आज्ञांची यादी असते. परंतु कोणते काम हाताशी ठेवायचे, कोणते आत दडवायचे आणि कोणते ठेवायचेच नाही, हा निर्णय त्या यादीत आधीच झालेला असतो. हा निर्णय सॉफ्टवेअर बनवणाऱ्याने घ्यायचा की ते वापरणाऱ्याने, या प्रश्नाचा गेल्या सुमारे पन्नास वर्षांचा इतिहास प्रस्तुत लेखात मांडला आहे. मराठी आणि उर्दूत लिहिणाऱ्यांना हा प्रश्न परका नाही, कारण इंग्रजी कार्यालयांसाठी बनलेल्या मेनूंत या लिप्यांच्या गरजा क्वचितच धरलेल्या होत्या.

१. मॅक्रो : शब्द आणि कल्पना

'मॅक्रो' हा शब्द मूळ ग्रीक असून त्याचा अर्थ मोठा किंवा लांब असा होतो. १९५० च्या दशकात यंत्रभाषेच्या जवळच्या असेंब्ली भाषेत प्रोग्राम लिहिणाऱ्यांनी तो प्रथम वापरात आणला. एक मोठी आज्ञा लिहिली की तिच्या जागी अनेक लहान आज्ञा आपोआप मांडल्या जात. त्या मोठ्या आज्ञेला मॅक्रो म्हणत. बेल प्रयोगशाळेतील डग्लस मॅकिलरॉय यांनी १९६० मध्ये मॅक्रोच्या साहाय्याने प्रोग्रामिंगच्या भाषाच वाढवता येतील, अशी मांडणी केली. साधनाला नवा शब्द शिकवण्याचा अधिकार ते वापरणाऱ्यालाही असावा, ही कल्पना त्या मांडणीत होती.

मजकूर लिहिण्याच्या क्षेत्रात ती प्रथम ठळकपणे दिसते अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत. तेथे १९६० च्या दशकाच्या आरंभी डॅन मर्फी यांनी टेको नावाचा संपादक तयार केला होता. त्याच्या आज्ञा अतिशय त्रोटक होत्या आणि त्या एकापुढे एक जोडून मॅक्रो बनवता येत. पुढे रिचर्ड स्टॉलमन यांनी कळफलकावरील कोणतीही कळ एखाद्या मॅक्रोला जोडण्याची सोय केली. परिणाम असा झाला की प्रत्येक संशोधकाने आपापले मॅक्रो रचले, आणि एकाच्या पडद्यासमोर दुसरा बसला तर कोणती कळ काय करील हे त्याला कळेनासे झाले. हा गोंधळ आवरण्यासाठी १९७६ मध्ये स्टॉलमन, गाय स्टील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विखुरलेले मॅक्रो एकत्र करून त्यांना एक शिस्त लावली. त्यातून ईमॅक्स हा संपादक जन्माला आला. संपादनाचे मॅक्रो, असाच त्याच्या नावाचा अर्थ आहे.

या पहिल्याच प्रसंगात पुढील साऱ्या इतिहासाचे बीज आढळते. प्रत्येकाला आपल्या सोयीचे साधन हवे असते. पण साधन सर्वस्वी ज्याचे त्याचे झाले की त्याचा सामाईक वापर अवघड होतो. ईमॅक्सच्या कर्त्यांनी मॅक्रो बंद केले नाहीत. त्यांनी समान पाया ठरवला आणि त्यावर ज्याने त्याने भर घालावी, अशी मुभा ठेवली.

२. वर्डस्टार आणि वर्डपरफेक्ट

छोट्या संगणकांवर १९७८ मध्ये वर्डस्टार आले. सेमूर रुबिन्स्टाइन यांच्या मायक्रोप्रो कंपनीसाठी रॉब बार्नबी यांनी ते लिहिले होते. त्या काळी माउस नव्हता. पडद्याच्या वरच्या भागात आज्ञांची यादी कायम दिसत असे आणि कंट्रोल कळ धरून अक्षर दाबले की आज्ञा अमलात येई. या यादीची पातळी वापरणाऱ्याला बदलता येत असे. शून्य ते तीन अशा चार पातळ्या होत्या. नवशिक्याने तीनवर राहावे. हात बसला की पातळी खाली आणावी, म्हणजे याद्या गळून पडत आणि लिहिण्यासाठी अधिक जागा मोकळी होई. कंट्रोल-के दाबून थोडे थांबले तर मजकुराच्या तुकड्यांसंबंधीची यादी उघडे. पुढचे अक्षर लगेच दाबले तर यादी न दाखवताच काम होऊन जाई. ज्याला ठाऊक आहे त्याच्या वाटेत मेनूने येऊ नये, हे तत्त्व येथे इतक्या साधेपणाने पाळलेले दिसते.

वर्डपरफेक्टने उलटी वाट धरली. यूटा राज्यातील ब्रिगहॅम यंग विद्यापीठातील ॲलन ॲश्टन आणि ब्रूस बॅस्टियन यांनी १९७९-८० च्या सुमारास ओरेम या शहराच्या नगर प्रशासनासाठी ते प्रथम तयार केले. १९८२ मध्ये ते आयबीएमच्या छोट्या संगणकावर आले. त्याचा पडदा जवळजवळ कोरा असे. आज्ञा होत्या त्या फंक्शन कळांवर. एकच कळ एकटी, शिफ्टसह, आल्टसह आणि कंट्रोलसह अशी चार प्रकारे वापरली जाई आणि कोणती कळ काय करते हे सांगणारी रंगीत अक्षरांची पट्टी कळफलकावर ठेवलेली असे. तीच पट्टी म्हणजे वर्डपरफेक्टचा मेनू! पडद्यावर उघडणारे मेनू त्यात १९८९ च्या ५.१ या आवृत्तीत आले.

वर्डपरफेक्टचा मॅक्रो बनवण्यासाठी प्रोग्रामिंग येण्याची गरज नव्हती. कंट्रोल आणि एफ-१० दाबून नोंद सुरू करायची, मॅक्रोला नाव द्यायचे, नेहमीचे काम एकदा करून दाखवायचे आणि नोंद थांबवायची. पुढे आल्ट आणि एखादे अक्षर दाबले की ते काम जसेच्या तसे पार पडे. वकिलांच्या कार्यालयांत करारांची ठरावीक कलमे आणि न्यायालयासाठीचे मसुदे अशा मॅक्रोंनी तयार होत. विंडोज सर्वत्र झाल्यानंतरही अमेरिकेतील अनेक विधी कार्यालये वर्डपरफेक्ट सोडायला तयार नव्हती, त्याचे एक कारण वर्षानुवर्षे साठवलेले हे मॅक्रो होते.

३. वर्ड : मेनू वापरणाऱ्याच्या हाती

पडद्याच्या माथ्यावर शब्दांची पट्टी आणि त्यांतून खाली उलगडणाऱ्या याद्या, हे मेनूचे रूप १९८३ च्या ॲपल लिसा आणि १९८४ च्या मॅकिंटॉश या संगणकांमुळे रूढ झाले. मायक्रोसॉफ्टचे वर्ड चार्ल्स सिमोनी आणि रिचर्ड ब्रॉडी यांच्या हातून १९८३ मध्ये बाहेर पडले होते. १९८९ मध्ये त्याची विंडोजसाठीची पहिली आवृत्ती आली आणि तिच्याबरोबर वर्डबेसिक ही मॅक्रोची भाषाही आली.

मॅक्रो कळीला जोडावा तसा मेनूतही बसवावा, ही सोय वर्डमध्ये आरंभापासून होती. तिची रचना समजून घेण्यासारखी आहे. वर्डच्या प्रत्येक आज्ञेला एक अंतर्गत नाव होते. फाइल मेनूतील सेव्ह या आज्ञेचे नाव फाइलसेव्ह. वापरणाऱ्याने फाइलसेव्ह याच नावाचा मॅक्रो लिहिला तर मूळ आज्ञेऐवजी तो चालू लागे. मेनूतील शब्द तोच, जागा तीच. काम मात्र नवे. एखाद्या कार्यालयाला दस्तऐवज साठवताना त्यावर तारीख पडावी असे वाटले तर लेखनिकाला नवे काही शिकवावे लागत नसे. याखेरीज ऑटोओपन या नावाचा मॅक्रो दस्तऐवज उघडताच, ऑटोक्लोज तो मिटताना आणि ऑटोएक्झेक वर्ड सुरू होताना आपोआप चालत असे.

हे सारे साठे टेम्प्लेटमध्ये, म्हणजे दस्तऐवजाच्या साच्यात. नॉर्मल या नावाचा साचा सर्व दस्तऐवजांना लागू असे. पत्रांसाठी, प्रश्नपत्रिकांसाठी, अहवालांसाठी वेगळे साचे करता येत आणि प्रत्येक साचा आपला मेनू बरोबर आणी. प्रश्नपत्रिकेचा साचा उघडला की गुणांचे रकाने घालणारी आज्ञा मेनूत हजर, पत्र उघडले की ती नाहीशी, अशी व्यवस्था टूल्स मेनूतील कस्टमाइझ या चौकटीतून लावता येई. १९९७ च्या आवृत्तीपासून तर आज्ञा माउसने ओढून मेनूत सोडली तरी पुरत असे.

मुभा इतकी सैल होती की ती चुकूनही वापरली जाई. कंट्रोल, आल्ट आणि अंकांच्या गटातील वजा चिन्ह दाबले की वर्डमध्ये लांब संयोगरेषा उमटते. तेच मुख्य कळफलकावरील वजा चिन्ह दाबले तर माउसचा दर्शक जाड आडव्या रेषेसारखा होतो आणि त्यानंतर मेनूतील जी आज्ञा निवडावी ती मेनूतून नाहीशी होते. संयोगरेषा काढायला गेलेल्या कित्येकांनी अशा प्रकारे आपल्या मेनूतील एखादी आज्ञा गमावली आणि ती कोठे गेली हे त्यांना उमगले नाही.

१९९७ मध्ये वर्डबेसिकची जागा व्हिज्युअल बेसिक फॉर ॲप्लिकेशन्स या अधिक समर्थ भाषेने घेतली. एक्सेलमध्ये ती १९९३ पासून होती. या बदलाला भाषिक बाजूही आहे. वर्डबेसिकमधील आज्ञांची नावे वर्डच्या जर्मन, फ्रेंच अशा आवृत्त्यांत त्या त्या भाषेत होती. जर्मन वापरणारा आपला मॅक्रो जर्मन शब्दांत लिहीत असे. नव्या भाषेत सर्वत्र इंग्रजी नावे आली. मॅक्रो देशोदेशी चालू लागले, पण ते लिहिण्यासाठी इंग्रजी शब्द येणे अनिवार्य झाले.

४. पाहुण्याच्या हाती मेनू

मॅक्रो साच्यात राहतो आणि साचा फाइलीसारखाच एका संगणकावरून दुसऱ्यावर जातो. म्हणजे जो अधिकार घरच्या माणसाला दिला तो घरात येणाऱ्या पाहुण्यालाही मिळाला. हा धोका जाणकारांच्या लक्षात आला नव्हता असे नाही. विंडोजसाठीचे पहिले वर्ड ज्या वर्षी आले त्याच १९८९ मध्ये हॅरोल्ड हायलँड यांनी मॅक्रोच्या रूपातील विषाणूची शक्यता लिहून ठेवली होती. तिकडे फारसे लक्ष दिले गेले नाही. विषाणू प्रोग्रामला होतो, पत्राला किंवा निबंधाला नाही, असाच समज सर्वत्र होता.

१९९५ च्या उन्हाळ्यात कॉन्सेप्ट नावाचा विषाणू पसरू लागला आणि हा समज खोटा ठरला. मायक्रोसॉफ्टच्याच काही सीडींमधून तो नकळत वितरित झाला होता. दस्तऐवज उघडताच त्यातील ऑटोओपन मॅक्रो चाले आणि विषाणू नॉर्मल साच्यात जाऊन बसे. तेथे तो फाइलसेव्हॲज या नावाचा मॅक्रो ठेवी. त्यानंतर वापरणाऱ्याने मेनूतून सेव्ह ॲज ही आज्ञा दिली की त्याचा दस्तऐवज विषाणूसह साच्याच्या रूपात साठवला जाई. नाव मात्र साध्या दस्तऐवजाचेच दिसे. कॉन्सेप्टने कोणाचा मजकूर नष्ट केला नाही. पहिल्या वेळी एक लहान चौकट उघडे, तिच्यात १ हा आकडा दिसे, एवढेच. लेखकाला आपला मुद्दा सिद्ध करायचा होता आणि तो सिद्ध झाला. मेनूतील आज्ञेच्या जागी आपला मॅक्रो बसवण्याची जी सोय कार्यालयांसाठी केली होती, तीच त्याने वापरली होती.

पुढच्या विषाणूंनी आणखी एक पाऊल टाकले. मॅक्रोंची यादी पाहण्यासाठी टूल्स मेनूत मॅक्रो ही आज्ञा होती. काही विषाणूंनी टूल्समॅक्रो याच नावाचा मॅक्रो स्वतःजवळ ठेवला. संशय आलेला माणूस यादी पाहायला जाई, तेव्हा यादीऐवजी विषाणूच चालू होई.

२६ मार्च १९९९ रोजी पसरलेल्या मेलिसा विषाणूने या प्रकाराला जागतिक रूप दिले. दस्तऐवज उघडला की तो आउटलुकच्या पत्तासूचीतील पहिल्या ५० पत्त्यांवर स्वतःची प्रत पाठवी. त्या लाटेपुढे अनेक संस्थांना आपली ई-मेल यंत्रणा काही काळ बंद ठेवावी लागली. मेलिसाचे काम मेनूवरही चाले. वर्ड ९७ असेल तर तो टूल्स मेनूतील मॅक्रो ही आज्ञा निष्क्रिय करी. वर्ड २००० असेल तर सुरक्षिततेची आज्ञा निष्क्रिय करी. त्याचा कर्ता न्यू जर्सीतील डेव्हिड स्मिथ याने गुन्हा कबूल केला आणि मे २००२ मध्ये त्याला २० महिन्यांची कैद व ५००० डॉलर दंड झाला.

येथे मेनूच्या मालकीचा प्रश्न उघड झाला. दहा वर्षांपूर्वी मेनू बदलण्याचा अधिकार वापरणाऱ्याला मिळाला होता. आता परका दस्तऐवज त्याच अधिकाराने वापरणाऱ्याच्या मेनूतील दरवाजे बंद करीत होता.

५. कुलूप

बचावाचे पहिले उपाय दुबळे होते. दस्तऐवजात मॅक्रो आहेत, ते चालवायचे का, असे वर्ड ९७ विचारत असे. हा प्रश्न बंद करण्याची चौकट मेनूत होती आणि विषाणू स्वतःच ती बंद करून टाकीत. वर्ड २००० मध्ये सुरक्षिततेच्या उच्च, मध्यम आणि निम्न अशा तीन पातळ्या आल्या. मूळ पातळी उच्च ठेवलेली होती. तिच्यात विश्वासू म्हणून मान्य केलेल्या कर्त्याची डिजिटल सही असलेलेच मॅक्रो चालत.

सहीची कल्पना योग्यच होती. परंतु ती मोठ्या कंपनीला जितकी सहज परवडली तितकी एखाद्या शिक्षकाला किंवा टंकलेखकाला परवडली नाही. सर्वमान्य प्रमाणपत्र विकत घ्यावे लागे. स्वतःपुरते प्रमाणपत्र बनवण्याचे लहान साधन ऑफिसबरोबर मिळत असे, पण ते आहे हेच अनेकांना माहीत नव्हते. परिणामी ज्याला आपले मॅक्रो चालवायचे होते तो पातळी निम्न करून टाकी आणि विषाणूंनाही वाट मोकळी होई. किंवा भीतीपोटी तो मॅक्रोच सोडून देई. कुलपाची किल्ली कशी वापरायची हे सामान्य माणसाला शिकवण्याचे काम त्या काळात मागे पडले.

६. मराठी आणि उर्दूच्या मेजावर

नेमक्या याच वर्षांत मराठी लिहिणाऱ्यांना मॅक्रोची सर्वांत जास्त गरज पडली. १९९० च्या दशकात मराठी मजकूर शिवाजी किंवा त्यासारख्या फॉन्टमध्ये लिहिला जाई. या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या क्रमांकांवर देवनागरीचे आकार बसवलेले असत. प्रत्येक फॉन्टची मांडणी निराळी. संगणकाच्या दृष्टीने तो मजकूर इंग्रजी अक्षरांचा निरर्थक ढीग होता. फॉन्ट नसेल तर पडद्यावर तोच ढीग दिसे. युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ पासून स्वतंत्र क्रमांक होते, परंतु विंडोजमध्ये देवनागरी नीट लिहिता येऊ लागली ती विंडोज २००० पासून. मग आधीच्या दशकभरात टंकलिखित झालेल्या प्रबंधांचे, अभ्यास साहित्याचे आणि संस्थांच्या अहवालांचे काय करायचे, हा प्रश्न उभा राहिला.

हे रूपांतर अक्षराला अक्षर बदलून होत नाही. जुन्या फॉन्टमध्ये आकार दिसतात त्या क्रमाने साठवलेले असतात, युनिकोडमध्ये उच्चाराच्या क्रमाने. 'शक्तिमान' या शब्दात ऱ्हस्व वेलांटी जुन्या फॉन्टमध्ये 'श' नंतर आणि 'क्त' च्या आधी येते. युनिकोडमध्ये ती 'क्त' च्या नंतर न्यावी लागते. म्हणजे मॅक्रोने वेलांटी उचलून एका अक्षरापुढे नव्हे, तर संपूर्ण जोडाक्षरापुढे ठेवली पाहिजे. 'धर्म' या शब्दातला रफार याच्या उलट आहे. जुन्या फॉन्टमध्ये तो 'म' नंतर येतो, युनिकोडमध्ये 'म' च्या आधी 'र' आणि पायमोड म्हणून बसतो. शिवाय 'ग', 'ण' यांसारखी अक्षरे अर्धा आकार आणि काना अशा दोन तुकड्यांनी बनलेली असत. त्यामुळे बदलांचा क्रमही महत्त्वाचा ठरतो. आधी मोठे तुकडे, मग लहान. शेवटी वेलांटी आणि रफार. हा क्रम चुकला तर मजकूर दुरुस्त होण्याऐवजी आणखी बिघडतो.

वर्डच्या मेनूत असे रूपांतर करणारी आज्ञा नव्हती आणि ती येण्याची शक्यताही नव्हती. देवनागरीत काम करणाऱ्यांनी ती वर्डच्या मॅक्रोतून बनवली, आपल्या मेनूत बसवली आणि एकमेकांना दिली.

उर्दूची अडचण वेगळ्या जातीची होती. उर्दूचे मुद्रण बराच काळ इनपेजवर अवलंबून राहिले. १९९४ मध्ये आलेल्या या सॉफ्टवेअरने नूरी नस्तालीकचे हजारो जोडआकार पडद्यावर आणले आणि कातिबाच्या हातचे वळण जपले. परंतु त्याच्या आरंभीच्या आवृत्त्यांचा मजकूर स्वतःच्या खास संकेतात होता. तो बाहेर काढून युनिकोडमध्ये न्यावा लागे. युनिकोडमध्ये आल्यावरही प्रश्न संपत नसे. अरबीचा काफ आणि उर्दूचा काफ, अरबीची ये आणि उर्दूची ये यांना निरनिराळे क्रमांक आहेत. शब्दाच्या आत ही अक्षरे पुष्कळदा सारखीच दिसतात. अरबी कळफलकावर लिहिलेला उर्दू शब्द डोळ्यांना बरोबर वाटतो, पण शोधायला गेले की सापडत नाही, आणि अकारविल्हे यादीत भलत्याच ठिकाणी जाऊन बसतो. सूची किंवा कोश तयार करणाऱ्याला ही चूक फार महागात पडते. सारी अक्षरे एका रूपात आणणारा चार-सहा ओळींचा मॅक्रो येथे तासांचे काम क्षणात करतो.

या मॅक्रोंमध्ये एक विसंगती दडलेली आहे. वर्डचा दस्तऐवज युनिकोड जाणतो, मात्र मॅक्रो ज्या खिडकीत लिहितात ती जाणत नाही. ती विंडोजच्या जुन्या संकेतसारण्यांवर चालते. अरबी लिपीच्या अशा सारणीत उर्दूची बहुतेक खास अक्षरे समाविष्ट असल्याने संगणकाची मूळ भाषा उर्दू ठेवली तर बहुतेक उर्दू अक्षरे तेथे दिसू शकतात. देवनागरीला विंडोजने अशी सारणी दिलीच नाही. मराठी अक्षर तेथे लिहिले तर प्रश्नचिन्ह उमटते. म्हणून 'क' लिहायचा असेल तर त्याचा दशमान क्रमांक २३२५ द्यावा लागतो. मराठी मजकुरासाठी मराठी माणसाने लिहिलेल्या मॅक्रोत मराठीचे एकही अक्षर नाही, नुसते आकडे! ज्याने तो लिहिला त्यालाही वर्षभराने तो वाचताना शेजारी तक्ता ठेवावा लागतो. तरीही हे काम झाले, कारण मेनूचा दरवाजा उघडा होता.

७. रिबनपासून २०२२ पर्यंत

वर्डमधील आज्ञा वाढत गेल्या तसे मेनू लांबत गेले. ऑफिस २००० ने क्वचित वापरलेल्या आज्ञा आपोआप दडवणारे मेनू आणले. वर्डस्टारमध्ये पातळी वापरणारा ठरवीत असे. येथे ती सॉफ्टवेअर ठरवू लागले. काल दिसलेली आज्ञा आज दिसत नाही, ही तक्रार सर्वत्र ऐकू आली. जानेवारी २००७ मध्ये बाजारात आलेल्या ऑफिसने मेनू आणि टूलबार दोन्ही काढून त्यांच्या जागी रिबन ही चित्रांची रुंद पट्टी आणली. नवशिक्याला आज्ञा शोधणे सोपे व्हावे, हा त्यामागील हेतू होता. मात्र आज्ञा ओढून हवी तेथे बसवण्याची मुभा त्या आवृत्तीत जवळजवळ संपली. एक लहानशी पट्टी तेवढी वापरणाऱ्याकडे राहिली. जुन्या मॅक्रोंनी बनवलेले मेनू ॲड-इन्स नावाच्या एका कोपऱ्यात गोळा झाले. रिबन बदलायची तर एक्सएमएल या खुणांच्या भाषेत फाइल लिहावी लागे. २०१० च्या आवृत्तीत रिबनमध्ये आपले गट जोडण्याची सोय पुन्हा मिळाली.

२००७ च्याच आवृत्तीत एक चांगला बदल झाला. मॅक्रो नसलेला दस्तऐवज आणि मॅक्रो असलेला दस्तऐवज यांच्या फाइलींची शेपटे वेगळी झाली. पाहुणा काय घेऊन आला आहे हे दारातच कळू लागले. मॅकिंटॉशवर मात्र २००८ च्या ऑफिसमधून मॅक्रोची भाषाच वगळली गेली; २०११ च्या ऑफिसमध्ये ती परत आली. मधल्या काळात मॅकवर मॅक्रोंवर विसंबून काम करणाऱ्यांना जुनी आवृत्ती सांभाळत बसावे लागले.

याच सुमारास दुसरा पर्यायही उभा राहिला होता. सन कंपनीने स्टारऑफिसचा मूळ प्रोग्राम २००० मध्ये खुला केला. त्यातून २००२ मध्ये ओपनऑफिस आणि पुढे २०१० मध्ये वेगळी शाखा म्हणून लिब्रेऑफिस निर्माण झाले. भारतात सी-डॅकने ओपनऑफिसच्या भारतीय भाषांतील आवृत्त्या तयार केल्या. लिब्रेऑफिसमध्ये पारंपरिक मेनू आजही उपलब्ध आहेत आणि वापरणाऱ्याला त्यांत आपली आज्ञा, हव्या त्या भाषेतील नावाने, बसवता येते.

दरम्यान मॅक्रोंचा गैरवापर थांबला नव्हता. २०१४ नंतर बनावट बिले आणि सूचनापत्रे यांच्या रूपाने तो पुन्हा वाढला. २०१६ मध्ये पसरलेले लॉकी हे खंडणीखोर सॉफ्टवेअर वर्डच्या मॅक्रोतूनच आत शिरत असे. आता मॅक्रो स्वतः विषाणू नव्हता, तो फक्त दार उघडून देई. अखेर फेब्रुवारी २०२२ मध्ये मायक्रोसॉफ्टने इंटरनेटवरून आलेल्या फाइलींतील मॅक्रो मुळातच अडवण्याचा निर्णय जाहीर केला. जुलैमध्ये अंमलबजावणी काही काळ थांबली आणि त्याच महिन्याच्या अखेरीस पुन्हा सुरू झाली. पूर्वी एक बटण दाबून मॅक्रो चालू करता येई, ते बटण गेले. आता फाइलीच्या गुणधर्मांत जाऊन ती स्वतः मोकळी करावी लागते किंवा विश्वासाच्या ठिकाणी ठेवावी लागते.

समारोप

या इतिहासाचे तीन टप्पे दिसतात. पहिल्यात मेनू बनवणाऱ्याचा होता आणि मॅक्रोने तो वापरणाऱ्याला मिळाला. दुसऱ्यात तो अनोळखी दस्तऐवजाच्या हाती गेला. तिसऱ्यात बनवणाऱ्याने तो पुष्कळसा परत घेतला. तिसऱ्या टप्प्याला दोष देता येत नाही. मेलिसा आणि लॉकी यांनी केलेले नुकसान खरे होते. परंतु कुलूप बसले तेव्हा त्याची किंमत सर्वांना सारखी पडली नाही. ज्यांच्या गरजा मूळ मेनूत होत्या त्यांचे फारसे बिघडले नाही. ज्यांना आपली गरज स्वतः जोडून घ्यावी लागत होती त्यांची वाट लांबली. वेलांटी आणि रफार जागेवर आणणारा मॅक्रो मित्राने ई-मेलने पाठवला तर तो आज लॉकीइतकाच संशयित ठरतो.

वाट मात्र बंद झालेली नाही. वापरणाऱ्याने स्वतःच्या नॉर्मल साच्यात लिहिलेला मॅक्रो या अडवणुकीत सापडत नाही. म्हणून भाषा विभागांनी आणि ग्रंथालयांनी आपले रूपांतराचे मॅक्रो फिरत्या दस्तऐवजांत न ठेवता साध्या मजकुराच्या रूपात, प्रत्येक ओळ काय करते याच्या मराठी किंवा उर्दू टिपणासह जपून ठेवावेत. ज्याला हवे त्याने ते वाचून, समजून आपल्या साच्यात उतरवावेत. त्यात परक्या फाइलीचा धोका नाही आणि शिकण्याचा लाभ आहे. जुन्या फॉन्टमधील मजकूर अजून अनेक संस्थांच्या संगणकांत पडून आहे, आणि ते फॉन्ट ओळखणारी माणसे निवृत्त होत आहेत. त्यांच्याजवळचे हे ज्ञान लिहून घेण्याचे काम वर्डच्या कोणत्याही पुढील आवृत्तीवर सोपवता येणार नाही. ते ज्याचे त्यानेच करायचे आहे, आणि ते आता करायचे आहे.